डावी फेरी

गाडी पुन्हा गरकन फिरली आणि विद्युल्लता आठल्ये हिने स्टिअरिंगवर अशी मूठ आपटली की हॉर्न वाजला. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांना वाटलं, ती आपल्यालाच हाक मारतेय. त्यातला एक हसला. त्याने हसायला नको होतं. या मुलीचं नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला तिच्या स्वभावाचा अंदाज आधीच आला असावा. राग चमकला की तो कुठेतरी पडल्याशिवाय राहायचा नाही.

रामनगरच्या पुढे एक कोल्ड स्टोरेज आहे, कधीचं बंद पडलेलं. बटाट्याचे ट्रक वळायला म्हणून त्याचं सिमेंटचं आवार इतकं ऐसपैस केलेलं, की बनारसच्या गल्लीबोळांत वाढलेल्या माणसाला तिथे नुसतं उभं राहून गरगरावं. रविवारी सकाळी तिथे ड्रिफ्टिंगवाले जमतात. ड्रिफ्टिंग म्हणजे गाडी मुद्दाम घसरवायची, मागची चाकं बाहेर फेकायची, आणि तरी ती आपण म्हणू तिथूनच न्यायची. आठल्यांच्या नात्यागोत्यात सगळे भिक्षुक, मास्तर नाहीतर बाबू. त्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. बँकेत दिवसभर काउंटरवर बसून डोकं उठवून घेणाऱ्या विद्युल्लतेला मात्र आठवड्यातला हाच काय तो शहाणपणा वाटायचा.

गाडी होती तिच्या वडिलांची जुनी कॉन्टेसा. आणि गाडीने, किंवा तिने, किंवा दोघींनी मिळून, आज पुन्हा माती खाल्ली होती. टायरांचे दोन ढीग रचलेले; त्यांच्याभोवती आठाचा आकडा काढायचा. एक ढीग उजवीकडून, मग मधल्या मध्ये गाडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर टाकायची, आणि दुसरा ढीग डावीकडून. तिचं उजवं वर्तुळ बघायला लोक हातातला चहा विसरायचे. गाडीचं नाक ढिगापासून वीतभर, मागून धूर, आणि काचेआड हिचा चेहरा निवांत. मग गाडी डावीकडे टाकायची वेळ यायची, आणि कॉन्टेसा शेपूट चावायला निघालेल्या कुत्र्यासारखी जागच्या जागी फिरून, उलट्या तोंडाने, बंद पडायची. दर रविवारी, न चुकता.

"गाड़ी में कुछ नहीं है, दीदी," डब्बू म्हणाला. त्या टोळक्यात सगळ्यात चांगला हात याचा होता, आणि ते त्याला फार चांगलं ठाऊक होतं. "बस थोड़ा हाथ सेट करिए."

दीदी म्हणायचं आणि वर थोबाडीत द्यायची! तिने दार धाडकन लावलं. "हाथ मेरा सेट है. उधर वाला गोला देखा नहीं क्या?"

"वही तो," डब्बू सौजन्याने म्हणाला. "एक तरफ तो हो जाता है किसी-किसी से."

किसी-किसी से. म्हणजे बायकांकडून. तो तसं म्हणाला नाही, पण तेवढं न म्हणताही सगळ्यांना ऐकू गेलं. विद्युल्लतेने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याआधी, नेहमीच्या सवयीने, वडील कुठे आहेत ते पाहिलं.

श्रीनिवासराव पाठमोरे उभे होते. फाटकापाशी चहाची टपरी होती, तिकडे तोंड करून. ती आठ काढायला निघाली की त्यांना चहाची तहान लागायची, आणि ती डाव्या ढिगापाशी पोचेपर्यंत त्यांची पाठ मैदानाकडे झालेली असायची. हेही दर रविवारी. डब्बूचं बोलणं तिने कसंबसं गिळलं असतं. ही पाठ तिला गिळता येत नव्हती. बापाला आपल्या पोरीची लाज वाटते, हे सगळ्या मैदानाला दिसत होतं.

पुढच्या रविवारी लखनौहून आयोजक येणार होते. तिथल्या स्पर्धेसाठी बनारसमधून एकच गाडी निवडायची होती, आणि निवड याच आठावर. म्हणजे एक तर विद्युल्लता आठवड्याभरात डावीकडे वळायला शिकणार, नाहीतर डब्बू लखनौला जाणार आणि परत आल्यावर जन्मभर तिला दीदी म्हणणार.

"मी तुला केव्हाचा सांगतोय," परतताना नीलकंठ म्हणाला. हा तिचा आतेभाऊ. राहायचा रामनगरला, आणि त्याच्या घराला आवार होतं म्हणून कॉन्टेसाही तिथेच राहायची. आठल्यांच्या गल्लीत सांड शिरला तर माणसाला ओट्यावर चढावं लागायचं, तिथे गाडी कुठली? नीलकंठ कॉम्प्युटरवाला होता आणि जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्याने कुठे ना कुठे व्हिडिओ पाहिलेला असायचा. "प्रॉब्लेम स्वे बारचा आहे. स्टॅबिलायझर रॉड ग, गाडीच्या पोटाखालून आडवा जातो तो. डावं चाक आणि उजवं चाक त्याने बांधलेलं असतं. गाडी वळताना एका अंगावर कलते ना, त्या कलण्याला तो धरून ठेवतो. तुझा रॉड बाबा आदमच्या जमान्याचा. पातळ. तू गाडी उजवीकडून डावीकडे टाकतेस तेव्हा ती आधी आरामात कलते, मग विचार करते, मग फिरते. जाड रॉड टाक, पुढे आणि मागे. खटक्यात वळेल."

"मग टाकू."

"मामा देतील टाकू?"

"गाडी मी चालवते," विद्युल्लता म्हणाली.

दिल्लीहून मागवलेले रॉड नीलकंठाच्या पलंगाखाली येऊन पडलेलेच होते. नवे, चकचकीत, मनगटाएवढे नसले तरी त्याने तसं सांगितलं होतं खरं. त्या रॉडांवर तिचा जीव जडला. का जडणार नाही? रॉड बदलून गाडी वळली असती तर दोष रॉडचा ठरला असता. हाताचा नाही, आणि बाईच्या हाताचा तर नाहीच नाही. डब्बूच्या तोंडावर फेकायला याहून चांगलं काय मिळणार होतं तिला?

श्रीनिवासरावांनी चहाचा कप खाली न ठेवताच सांगितलं, "नाही."

"का पण?"

"रॉड ठीक आहे."

"ठीक आहे तर गाडी फिरते कशी?"

"ते रॉडमुळे नाही."

"मग कशामुळे? बोला ना!"

श्रीनिवासरावांनी चहा प्यायला. रेल्वेच्या इंजिनांच्या कारखान्यात फोरमन होते ते. आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचे. विद्युल्लतेला गाडी त्यांनीच शिकवली. तिची आई शरदिनी गेल्यावर घरात बाप-लेक दोघंच उरली, आणि दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते कळेना. तेव्हा त्यांनी एका सकाळी तिला रामनगरला नेलं, किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "बस." कोल्ड स्टोरेजच्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक पिंपळ आहे, त्याला पार आणि पारावर शेंदूर फासलेला बजरंगबली. त्या पाराभोवती ती गाडी घसरवायला शिकली. पहिल्यांदा घाबरत, मग हसत. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती तिथे. अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा बँक सुटली की दोघं तिकडे जायची. ती पाराभोवती फिरायची, ते उभे राहून बघायचे, आणि घरी येताना क्लचवर, गिअरवर भरभरून बोलायचे. बाकी कशावर नाही. पण तेवढं पुरत होतं.

आणि आता हा माणूस कारण सांगत नव्हता.

"बाबा, तुम्हाला मी जिंकायला नको आहे का? मतलब साफ सांगा ना एकदा."

"रॉडला हात लावायचा नाही," ते म्हणाले, आणि कप धुवायला उठले. स्वतःचा कप ते कधी धूत नसत.

नाही म्हणजे नाही, एवढं लहानपणी चालून जातं. पोरगी बँकेत नोकरी करते, घर चालवते, चुकला हिशेब मॅनेजरच्या नाकासमोर धरते. तिला 'नाही' म्हणायचं तर कारणाची शेपटी जोडावी लागते. ती जोडली नाही, म्हणून विद्युल्लतेने ठरवून टाकलं. बाबा संध्याकाळी मुन्शी घाटावर जाऊन बसतात. तेवढ्या वेळात रॉड बदलायचे. एकदा गाडी वळली की मग बघू काय म्हणतात ते.

दुसऱ्या दिवशी तिने बँकेतून अर्धी रजा टाकली आणि रामनगर गाठलं. नीलकंठाने गाडी जॅकवर घेऊन लाकडी ओंडक्यांवर टेकवली. पाना घेऊन तो पुढे झाला, पण तिने त्याच्या हातातून तो काढून घेतला. चाकं तिलाच काढायची होती. काढताना लक्षात आलं, की आपण या गाडीचं चाक आजवर एकदाही काढलेलं नाही. टायर बदलायची वेळ आली की बाबा म्हणायचे, "तू राहू दे, हात खराब होतात." आणि ती खुशाल राहू द्यायची. तिला ते लाड वाटायचे.

रॉडच्या दोन्ही टोकांना एकेक लिंक असते, हातभर नाही, वीतभराचा बोल्ट. त्यात रबराच्या चकत्या बसवलेल्या असतात. गाडी कलली की त्या दबतात. डावीकडची लिंक तिने सोडवली. आतली चकती दाबून दाबून पापडासारखी झाली होती, कडेने फुटलेली. बाहेरची मात्र गुबगुबीत, जशी डबीतून काढली तशी.

"गेलीय," नीलकंठ म्हणाला. "बदलावीच लागणार होती. चल, उजवीकडची काढ."

उजवीकडे बरोबर उलटं होतं. बाहेरची चकती मेलेली, आतली कोरी.

"मजा आहे," नीलकंठ म्हणाला आणि नव्या रॉडवरचा कागद फाडू लागला.

विद्युल्लता उकिडवी बसून राहिली. हातात एक मेलेली चकती आणि एक जिवंत. गाडी उजवीकडे वळली की डाव्या अंगावर कलते. डावीकडे वळली की उजव्या. दोन्हीकडे वळणाऱ्या गाडीच्या सगळ्या चकत्या झिजायला हव्यात, थोड्या इकडे थोड्या तिकडे. ही गाडी एकाच अंगावर कललेली होती. वर्षानुवर्षं एकाच. ती उठली आणि काढलेली चाकं तिने भिंतीला लावून ओळीने उभी केली. डावीकडच्या टायरांच्या बाहेरच्या कडांना टक्कल पडलं होतं, आतलं कापड दिसत होतं. उजवीकडच्यांवर ठीकठाक नक्षी होती.

"नील्या," ती म्हणाली, "मी पाराला कुठल्या बाजूने फिरते?"

"म्हणजे काय, देवाला कुठल्या बाजूने फिरतात? उजवी घालून." आणि मग कागद फाडता फाडता त्याचा हात थांबला.

आता कुणी म्हणेल, हे एवढं साधं यांच्या ध्यानात कसं आलं नाही? पण ज्या घरात मूल रांगायला लागतं तेव्हापासून तुळशीला, देवळाला, म्हाताऱ्या माणसाला उजवी घालतात, त्या घरात उजवीकडून फिरणं हे फिरणंच असतं. त्याची कुणी नोंद ठेवत नाही. विद्युल्लतेच्या मते गाडीला डावं-उजवं नव्हतंच. एका बाजूने जमलं की दोन्ही बाजूंनी जमलं. डावं वर्तुळ तिच्या वाट्याला यायचं ते रविवारी, सगळ्यांसमोर, एकदा किंवा दोनदा. उजवं ती हजारदा घालून बसली होती. व्हिडिओ बघणाऱ्या नीलकंठाला रॉडची जाडी दिसली, ही साधी गोष्ट दिसली नाही.

पण एक माणूस होता ज्याला दिसली होती. ज्याने प्रत्येक टायर आपल्या हाताने बदलला होता.

"जुनेच बसव," ती म्हणाली. "रबर तेवढं नवं टाक."

"अग पण हे रॉड..."

"नील्या, रॉडचं नाव काढलंस तर तो तुझ्याच पाठीत घालीन!"

मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर श्रीनिवासराव त्यांच्या ठरलेल्या जागी बसले होते. ऊन उतरलं होतं. विद्युल्लता पायऱ्या उतरून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिने मूठ उघडली.

"हे काय आहे?"

त्यांनी चकती बोटांत धरून पाहिली. "लिंकचं रबर."

"कुठल्या बाजूचं?"

"डावीकडचं, आतलं," ते म्हणाले, आणि म्हणून बसल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

"न विचारता कळलं तुम्हाला." तिचा आवाज वर गेला. "कधीपासून माहीत आहे?"

"नाव चाही, बाबूजी?" एका नावाड्याने खालून विचारलं.

"नहीं चाहिए!" ती इतक्या जोरात ओरडली की तो निमूटपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. "बाबा, कधीपासून?"

"पहिल्यापासून," श्रीनिवासराव म्हणाले.

ती बसली नाही. उभीच राहिली. ते खाली पाण्याकडे बघून बोलायला लागले, आणि हळू बोलायला लागले म्हणून तिला आणखीच राग आला.

"तू शिकत होतीस तेव्हा एकदा पाराला उलटी फिरलीस. आठवतं? मी ओरडलो होतो."

आठवत होतं. ब्रेक निकामी झाल्यासारखे धावत आले होते ते गाडीपुढे. देवाला उलटी फेरी चालत नाही, असं म्हणाले होते.

"देवाचं काय, देव काही रागावला नसता. तुझ्या आईला मणिकर्णिकेवर नेलं, तेव्हा खांद्यावर मडकं घेऊन मी फेऱ्या घातल्या. त्या उलट्या घालतात, विदू. ती डाव्या हाताला. मडक्यातून पाणी गळत होतं आणि माझी बाही भिजत होती. तू डावीकडे वळलीस ना, की मला तू दिसत नाहीस. मधे काय आहे तेवढंच दिसतं." त्यांनी चकती पायरीवर ठेवली. "म्हणून बघवत नाही मला. म्हणून म्हटलं, उजवीच घालू दे. तिला काय कळणार आहे."

विद्युल्लतेला कळवळा आला. आला आणि त्याच पावली संताप झाला, कारण कळवळ्याने हा माणूस सुटून गेला असता.

"मला काय कळणार आहे! खरंय. कसं कळेल? मला तुम्ही घाटावर येऊ दिलं नाहीत. मी पाया पडले होते तुमच्या. बायका येत नाहीत म्हणालात. दारात पाण्याची बादली घेऊन बसवलंत मला, परत येणाऱ्यांच्या पायावर पाणी घालायला. माझी आई होती ती! तिला कुठल्या बाजूने फेऱ्या घातल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आणि ज्या फेऱ्या मला बघूसुद्धा दिल्या नाहीत, त्या माझ्या गाडीत आणून घातल्यात? मला न सांगता?"

"विदू, लोक बघतायत."

"बघू दे! दर रविवारी बघतातच. तो डब्बू मला हात सेट करायला सांगतो आणि मी तुमच्याकडे बघते, तर तुमची पाठ. अख्खं मैदान माझ्याकडे तोंड करून, आणि माझा बाप तेवढा चहाच्या टपरीकडे. मला वाटायचं तुम्हाला माझी लाज वाटते."

श्रीनिवासरावांनी मान वर केली. "लाज?"

"मग काय समजायचं मी?"

"लाज नाही ग," ते म्हणाले. आपली पाठ तिकडून कशी दिसत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. इंजिनाचं दुखणं आवाजावरून ओळखणारा माणूस! पोरगी डोळ्यांसमोर वर्षभर वेगळ्याच दुखण्याने कुढत होती, ते त्यांना ओळखता आलं नाही. "तुझी लाज मला कशी वाटेल?"

"उद्यापासून तुम्ही गाडीत बसायचं. माझ्या शेजारी. डावी फेरी घालायची. पाराभोवती."

"पाराभोवती नको."

"पाराभोवतीच."

"अग, देवाला..."

"देवाला मी सांगते काय सांगायचं ते!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने खरंच आधी पारापाशी जाऊन हात जोडले. माफी मागायला जोडले की दम द्यायला, ते बजरंगबलीलाच ठाऊक. मग गाडीत बसली. श्रीनिवासराव डाव्या सीटवर, पट्टा आवळून, दोन्ही हात डॅशबोर्डवर. जुनेच रॉड, नवं रबर. तिने क्लच सोडला आणि गाडी डावीकडे टाकली.

सगळं परकं होतं. उजव्या फेरीत ती आतल्या अंगाला असायची, पार तिच्याच खिडकीच्या बाजूला. आता ती बाहेर फेकली जाऊन दाराला चिकटत होती आणि पार दिसायचा तो वडिलांच्या पलीकडे. त्यांचं डोकं मधे येत होतं.

"बाबा, डोकं खाली!"

त्यांनी डोकं खाली घातलं. त्यांना तेच हवं होतं. गाडी फिरली, बंद पडली. तिने पुन्हा सुरू केली. पुन्हा फिरली. एकदा तर पाराच्या इतकी जवळ जाऊन थांबली की पिंपळाची पानं बॉनेटवर पडली. तिने गाडीला शिव्या दिल्या, बनारसी, ज्या घरात कधी उच्चारल्या जात नसत. श्रीनिवासरावांनी डोकं खाली ठेवूनच त्या ऐकल्या. दिवस मावळेपर्यंत अर्धीसुद्धा डावी फेरी जमली नाही. घरी येताना कुणी क्लचवर बोललं नाही, गिअरवर बोललं नाही.

पण त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, डोकं गुडघ्यांत घालून बसलेला फोरमन एकाएकी ओरडला, "ॲक्सिलेटर सोडू नकोस! घाबरून सोडतेस तू. आवाजच सांगतोय!"

"मग आधी नाही सांगता आलं?" ती तितक्याच जोरात ओरडली.

"आता सांगतोय ना! दाब!"

तिने दाबला. गाडी घसरत राहिली. अर्धी फेरी, मग पाऊण. मग फिरलीच, पण त्याआधी पार एकदा वडिलांच्या वाकलेल्या पाठीवरून पूर्ण सरकत गेलेला तिने पाहिला होता. त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं तिथे जाऊन एकमेकांवर खेकसायची. नीलकंठ एकदा येऊन बघून गेला आणि म्हणाला, तरी जाड रॉड टाकले असते तर सोपं गेलं असतं. त्यात खोटं काही नसेलही. "दोन्हीकडे वळता यायला लागलं की मग ठरवू कुठला रॉड ते," विद्युल्लता म्हणाली, "तोवर तुझ्या पलंगाखाली झोपू दे त्यांना."

रविवारी लखनौचे आयोजक आले. टोपीवाले, जाडजूड, कमी बोलणारे गृहस्थ. डब्बूने आठ काढला. चांगला काढला, देखणा काढला. मग विद्युल्लतेचा नंबर लागला, आणि श्रीनिवासराव टपरीकडे न जाता डावीकडचं दार उघडून आत बसले. पोरांमध्ये खसखस पिकली. आयोजकांनी हरकत घेतली नाही.

उजवं वर्तुळ नेहमीसारखं झालं. मग मधली जागा आली. गाडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलली, जुना पातळ रॉड कुरकुरला, आणि मागचं सगळं वजन उजवीकडे गेलं. तिने ॲक्सिलेटर सोडला नाही. डावा ढीग वडिलांच्या पलीकडच्या काचेत शिरला.

त्याच क्षणी श्रीनिवासराव ताठ बसले आणि त्यांनी मान डावीकडे वळवली. ढीग त्यांच्या डोक्याआड गेला.

"बाबा, डोकं!"

"थांब."

"मला दिसत नाहीये! डोकं खाली घ्या!"

"मला बघू दे, विदू," श्रीनिवासराव म्हणाले. "एकदा बघू दे."

तिला ढीग दिसत नव्हता. वडिलांचा कान दिसत होता, पांढरे केस, आणि त्यांच्या मानेची शीर. तिला त्यांचा भयंकर राग आला. आयुष्यातली ही एक फेरी, आणि हे मधे! त्या रागातच तिने गाडी तशीच धरून ठेवली. इंजिनाचा आवाज ऐकत, पाठीला कळेल तशी, वडिलांच्या डोक्याभोवती ती फिरत राहिली. ढीग कुठे होता ते तिला ठाऊक नव्हतं. तो गाडीला लागत नव्हता, एवढंच ठाऊक होतं. मग धूर मागे पडला, समोर सरळ मैदान आलं, आणि फाटकापाशी उभे असलेले सगळे चेहरे तिच्याकडे होते. आठ पुरा झाला होता. वेडावाकडा, डावं पोट सुटलेला, पण पुरा.

गाडी थांबली. श्रीनिवासराव त्या टायरांच्या ढिगाकडे बघत होते.

"टायरच आहेत," ते म्हणाले. त्यांचे गाल ओले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

डब्बू खिडकीपाशी वाकला. "दीदी, कौन-सा रॉड डलवाया?"

"रॉड नहीं डलवाया," विद्युल्लता म्हणाली. "बाप को बैठाया."

डब्बूला काही कळलं नाही, आणि त्याला कळवण्याची तिला गरज वाटली नाही. टोपीवाले आयोजक सावकाश चालत आले. त्यांनी वाकून पुढच्या चाकाखाली पाहिलं, जुना रॉड पाहिला, भुवया उंचावल्या. "उसका वाला ज़्यादा सुंदर था," डब्बूकडे अंगठा दाखवत ते म्हणाले. "लेकिन ऐसे बग़ल में आदमी बैठाकर, बिना देखे, मैंने किसी को घुमाते नहीं देखा. लखनऊ आप आइए. मगर वहाँ अंकल को उतारना पड़ेगा. अकेले चलाना होता है."

विद्युल्लतेने वडिलांकडे पाहिलं. रागाला आता काही कारण उरलं नव्हतं, तरी तो लगेच उतरेना. एवढ्या वर्षांचा होता.

"ऐकलंत? उतरावं लागेल तुम्हाला. मग काय, चहा प्यायला जाल?"

"नाही," श्रीनिवासराव म्हणाले. त्यांनी पट्टा सोडला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "कडेला उभा राहीन. तोंड तुझ्याकडे करून."